नदीकाठचा एकांत कोणाला हाकलून मिळतो?

'फक्त तुम्ही, झाडे आणि नदी. आजूबाजूला कोणीही नाही.'

जाहिरातीतले हे वाक्य वाचून आम्ही पैसे भरले. हे आधीच कबूल केलेले बरे. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, स्वतः मजा करून आले आणि आता आम्हाला उपदेश करतात. होय, आम्ही गेलो होतो. तीन कुटुंबे, पाच मुले, दोन रात्री. कर्जतच्या पुढे, जंगलाला लागून, नदीकाठी ओंडक्यांच्या भिंतींची चार घरे. हल्ली सगळेच त्यांना 'लॉग केबिन' म्हणतात. पावसाळा नुकताच सरला होता, नदीला भरपूर पाणी होते. रात्री दिवे मालवल्यावर मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा इतके तारे पाहिले. आम्हाला तिथे आनंद झाला, हेही लपवत नाही.

आमच्यातले कोणी समाजकार्यात आहे, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी बँकेत. आमच्या आईवडिलांनी उभ्या आयुष्यात सुट्टीचे म्हणून तीनच प्रवास केले. 6 डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर आणि मे महिन्यात गाव. नदीकाठी नुसते बसायला पैसे मोजायचे, ही कल्पनाच त्यांना पटली नसती. त्यामुळे बुकिंग करताना आमची छाती थोडी फुगली होती. फोनवरच्या माणसाने आडनाव दोनदा विचारले, मग 'ग्रुप कसा आहे?' असेही विचारले. या प्रश्नाचा अर्थ आम्हाला कळतो. शहरात भाड्याचे घर शोधताना तो आम्ही शंभरदा ऐकला आहे. पण पैसे आगाऊ भरल्यावर तो प्रश्न मिटला. आम्हाला वाटले, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पडवीत चहा घेत बसलो होतो. कुंपणाच्या कडेने एक बाई डोक्यावर कपड्यांचे गाठोडे घेऊन नदीकडे येत होती. मागे दहा-बारा वर्षांचा मुलगा, हातात छोटे जाळे. वॉचमनने शिटी मारली. बाई थांबली. त्याने हातानेच 'मागे फिर' अशी खूण केली. ती एक शब्द न बोलता फिरली. मुलगा मात्र दोनदा वळून पाण्याकडे बघत गेला. आमच्या एका मुलीने विचारले, "त्यांना का येऊ दिलं नाही?" आमच्यातल्या कोणीतरी उत्तर दिले, "अगं, प्रायव्हेट आहे ना ते."

थोड्या वेळाने वॉचमन अंघोळीचे गरम पाणी घेऊन आला.

"मामा, ती बाई कोण होती?"

त्याने आधी ऑफिसच्या दिशेने पाहिले. "आमची चुलती हाय ती, सायेब."

"मग हाकललं का तिला?"

"पावन्यांनी तक्रार केली का मालक बोलतो. मागं एकानं मोबाइलवर फोटो टाकला, लिवलं का इथं प्रायव्हसी नाय. माजा दोन दिसाचा पगार कापला."

"मग त्या आता कुठं जातात?"

"खाली. पुलाकडं. लांब पडतं, पन काय करनार?"

आमच्यातल्या एकाने आदल्या रात्रीच त्या जागेला पाच तारे देऊन अभिप्राय लिहून टाकला होता : 'अत्यंत शांत जागा. कोणाचाही त्रास नाही.'

कोणाचाही म्हणजे कोणाचा? आमच्या सुट्टीतला तो न झालेला 'त्रास' म्हणजे त्या माणसाची चुलती होती. तिला हाकलायचे काम तिच्याच पुतण्याला पगार देऊन लावले होते, आणि त्या पगारात आमच्या पैशाचाही वाटा होता. हा लेख त्या शिटीबद्दल आहे.

'खाली' या शब्दाशी आमची जुनी ओळख आहे. आमच्या आज्या ज्या गावांत नांदल्या, तिथे नदी एकच होती पण पाणवठे दोन होते. वरचा पाणवठा गावाचा, खालचा महारवाड्याचा. वर धुतलेले, खरकटवलेले, जनावरांनी ढवळलेले पाणी खाली आमच्याकडे यायचे. पाण्याला जात नव्हती, काठाला होती. आज आम्ही त्याच नदीच्या वरच्या काठावर खुर्ची टाकून बसलो आहोत आणि खालचा पाणवठा एका कातकरी बाईच्या वाट्याला आला आहे. व्यवस्था बदलली की फक्त आमची बसायची जागा बदलली? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही, तर दुसऱ्या कोणाला विचारायचा हक्क आम्हाला राहत नाही.

यावर आमच्याच लोकांकडून दोन उत्तरे येतात. दोन्ही आम्हाला मान्य नाहीत.

पहिले उत्तर चळवळीतल्या काही ज्येष्ठांचे. 'हे असले चोचले पाहिजेतच कशाला? समाज कुठे आहे आणि तुम्ही नदीकाठी लोळताय!' या ज्येष्ठांचा आम्हाला आदर आहे, पण बाबासाहेब असे म्हणत नव्हते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते, त्या काळातच 1945 मध्ये कारखाना कायद्यात कामगारांना पगारी सुट्टी मिळाली. 1946 मध्ये आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. 1945 सालीच काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्यविषयक कामाची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी फुरसतीचा मुद्दा ठासून मांडला. यंत्रे हवीत, कारण यंत्रांमुळे माणसाला फुरसत मिळते. फुरसतीशिवाय माणूस पोटापलीकडे जात नाही, संस्कृती घडवू शकत नाही. 'निसर्गाकडे परत चला' या उपदेशाला त्यांचा विरोध होता, कारण त्या उपदेशात गरिबाने कायम गरीब राहणे गृहीत धरलेले होते. तेव्हा फुरसत हा श्रीमंतांचा चोचला नाही, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. आमच्या आईला तो मिळाला नाही याचे आम्हाला दुःख आहे. तो आम्हाला मिळाला याची लाज नाही.

दुसरे उत्तर आमच्या नोकरदार मित्रांचे. 'आम्ही शिकलो, कमावले, पैसे मोजले. जागा मालकाची आहे. त्यात आमचे काय चुकले?' हे उत्तर जास्त धोक्याचे आहे. ते दिसायला हक्काचे असले तरी त्यातला युक्तिवाद जुन्या मालकांचा आहे. महाडला सवर्ण मंडळी दुसरे काय म्हणत होती?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याआधी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झालेला होता. महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचे कागदोपत्री जाहीर केले होते. तरी डोकी फुटली. मग सवर्ण कोर्टात गेले. हे तळे आमच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी इथे यायचे नाही ही आमची पुरातन वहिवाट आहे, असा त्यांचा दावा होता. धर्माच्या शेजारीच मालकीचा मुद्दा उभा केलेला होता. मालकीचा दावा टिकला नाही, तळे नगरपालिकेचे ठरले. पुरातन वहिवाटही सिद्ध झाली नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांचा धडा असा की पाण्यावरून माणसाला हाकलणारा प्रत्येक जण आधी पाण्याचा मालक होऊन येतो.

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानात हा धडा कलम 15(2) मध्ये उतरला आहे. या कलमाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. पहिला भाग दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येत नाही. दुसरा भाग विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागांचा. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी असलेल्या या जागांवरही कोणाला अडवता येत नाही.

आमच्या पिढीने पहिल्या भागाचा दरवाजा ढकलून उघडला. आडनाव दोनदा विचारूनही त्या माणसाला आम्हाला खोली द्यावी लागली. पण आम्ही त्या दरवाजातून आत शिरत होतो, त्याच वेळी मागे दुसऱ्या भागाचा दरवाजा बंद होत होता. हॉटेल आम्हाला खुले झाले आणि घाट त्या बाईला बंद झाला. पहिला भाग पैसे असणाऱ्याच्या जास्त कामाचा आहे, दुसरा पैसे नसणाऱ्याच्या. पहिल्यावर समाधान मानून दुसरा सोडून दिला, तर कलमाचा अर्धाच अर्थ आम्हाला कळला असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, नदीकडची जमीन मालकाने रीतसर विकत घेतली असेल. घेतली असेल. पण जमीन घेतली म्हणून नदी घेतली जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे, ती दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसतील तर, राज्य शासनाची आहेत. सर्वोच्च न्यायालय तर आणखी पुढे गेले. हिमाचलमध्ये बियास नदीकाठी एका मोटेलला वनजमीन भाडेपट्ट्याने दिली होती. पुराचे पाणी आपल्या इमारतीकडे येऊ नये म्हणून मोटेलने यंत्रे लावून नदीचा प्रवाहच वळवायला घेतला. डिसेंबर 1996 मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने तो भाडेपट्टा रद्द केला. नदी, जंगल, किनारा ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचे फक्त विश्वस्त आहे, ती खाजगी नफ्यासाठी कोणाला बहाल करता येत नाही, असे तत्त्व त्या निकालाने आपल्या कायद्यात रुजवले. तो खटला नदीकाठच्या अशाच एका आलिशान सुट्टीच्या जागेचा होता, हे लक्षात ठेवा.

आणि आणखी एक कायदा. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला नदी, ओढा, झरा, विहीर, घाट, वाट यांचा इतरांच्या बरोबरीने वापर करण्यापासून रोखणे हे त्यात गुन्ह्यांच्या यादीत आहे. प्रत्येक शिटी हा गुन्हा ठरेल का, हे कोर्ट ठरवील. पण 'प्रायव्हेट आहे ना' एवढे म्हटले की विषय संपतो, असे समजणाऱ्यांनी ती यादी एकदा वाचावी. आम्ही इतकी वर्षे हा कायदा फक्त आमच्या वस्त्यांवरच्या हल्ल्यांसाठी वाचत आलो. त्यातली 'जमाती' हा शब्दही आमच्या भावंडांचाच आहे, हे विसरलो.

कातकरी कोण आहेत? खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. इंग्रजांनी 1878 च्या वनकायद्याने जंगल सरकारजमा केले आणि ज्या झाडावर त्यांचे नाव पडले, ते झाडच त्यांच्या हातून गेले. आज महाराष्ट्रातल्या विशेष दुर्बल आदिवासी गटांत त्यांची गणना होते. दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात, कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. कित्येक वाड्यांत घर त्यांचे आणि घराखालची जमीन दुसऱ्याची. पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजना आहे, घरात पाहुणे ठेवा आणि कमवा. ज्याच्या घराखालची जमीनच त्याची नाही, तो कोणत्या घरात पाहुणे ठेवणार? त्याच्या वाट्याला येते ती शिटी.

त्या लाकडी घराच्या भिंतीवर हेन्री डेव्हिड थोरोचे एक इंग्रजी वचन फ्रेम करून लावले होते. एकांत विकणाऱ्यांचा हा आवडता माणूस. थोरोने अमेरिकेत कॉनकॉर्डजवळ, वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हाताने खोली बांधली आणि 4 जुलै 1845 रोजी तो तिथे राहायला गेला. दुर्गा भागवतांनी ते पुस्तक मराठीत आणले आहे, ते जरूर वाचा आणि नीट वाचा. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. भिंतींच्या फळ्या आल्या त्या रेल्वेमार्गावर खपणाऱ्या एका आयरिश मजुराच्या झोपडीतून. थोरोने ती झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेतली, मजुराने सकाळी लवकर कुटुंबासह ती रिकामी केली आणि थोरोने ती मोडून फळ्या वाहून नेल्या. जगातला सर्वांत प्रसिद्ध एकांत एका मजुराच्या उठवलेल्या घरातून बांधला गेला. थोरोचा मोठेपणा असा की त्याने हे लपवले नाही. त्या जंगलात पूर्वी राहून गेलेल्या काळ्या माणसांची, एकेकाळच्या गुलामांची, त्याने नावानिशी आठवण ठेवली. गुलामी पोसणाऱ्या सरकारला कर द्यायचे नाकारून तो 1846 मध्ये एक रात्र तुरुंगात राहिला. भिंतीवर त्याचे वचन लावणाऱ्यांनी त्यातला एकांत तेवढा उचलला आणि तुरुंगाची रात्र गाळली.

गंमत म्हणजे ओंडक्यांचे घर हे अमेरिकेतही गरिबाचेच घर होते. लिंकन 1809 मध्ये अशाच घरात जन्मला. 1840 च्या निवडणुकीत सधन घराण्यातल्या हॅरिसनने आपण साध्या माणसाचे उमेदवार आहोत हे दाखवायला लॉग केबिनचे चिन्ह मिरवले आणि तो निवडून आला. गरिबाचे घर तेव्हापासून श्रीमंताच्या मिरवण्याची वस्तू झाले आहे. आमच्या त्या जंगलातले गरिबाचे घर कारवीच्या कुडाचे असते, माती आणि शेणाने लिंपलेले. रस्त्यापलीकडच्या वाडीत तशी घरे होती. त्यांना कोणी केबिन म्हणत नाही आणि तिथे राहण्याचे कोणी पैसे देत नाही.

आता राहिला एकांत. आम्ही बौद्ध आहोत. एकांताचे मोल आम्हाला कोणी सांगायला नको. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, ते आठवा. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून राजपुत्र हादरला, ही कथा त्यांनी नाकारली. 29 वर्षांच्या माणसाने याआधी म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीचे. शाक्य आणि कोलिय या दोघांच्या मधून वाहणाऱ्या नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरोधात गेले, आणि त्याने युद्धाऐवजी देशत्याग पत्करला. म्हणजे आमच्यासाठी बुद्धाची वाट सुरू होते ती नदीकाठी, पाणी कोणाचे या प्रश्नावर.

पुढे तो निरंजना नदीकाठी उरुवेलेला बसला. ती जागा त्याने का निवडली, ते पाली सुत्तांत आले आहे. रम्य वनराई, स्वच्छ वाहती नदी, चांगला घाट, आणि भिक्षेसाठी जवळच गाव. जवळच गाव! माणसे हाकलून मिळणारा एकांत त्याला नको होता. जेतवनाची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. अनाथपिंडिकाने नाण्यांनी जमीन झाकून ते वन विकत घेतले आणि संघाला दान केले. त्या संघात सुनीत भंगी होता, उपाली न्हावी होता. त्याने पैसे मोजले ते वन उघडण्यासाठी. आम्ही पैसे मोजले आणि आमच्यासाठी नदी बंद करण्यात आली. बुद्धवंदना म्हणणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

मग करायचे काय? सुट्टीला जाणे सोडू नका, शिटी बंद करा.

बुकिंग करताना आपण नेटवर्क, गरम पाणी, पार्किंग विचारतो. एक प्रश्न वाढवा : 'गावातल्या लोकांना नदीकडे जायची वाट आहे का?' उत्तर नाही असेल तर तिथे जाऊ नका, आणि का आलो नाही ते लिहून कळवा. मालक वॉचमनच्या पगारापेक्षा ताऱ्यांना घाबरतो, हे आम्ही पाहिले आहे. तारे आपल्या हातात आहेत.

स्थानिक कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(1) मध्ये मासळी आणि पाणवठ्यांवरच्या सामूहिक हक्काची तरतूद आहे. नदी जिथे वनक्षेत्रातून जाते, तिथे ग्रामसभेतून दावे दाखल करा. जुनी वाट कोणी पाहिली, कोण कधीपासून त्या घाटावर जाते, याचे म्हाताऱ्या माणसांचे जबाब आताच लिहून घ्या. ती माणसे गेली की वाटही गेली. आणि बौद्धवाड्यांनो, कातकरी वाडीचा पाणवठा हा आपला प्रश्न नाही असे म्हणू नका. महाडला निघालेल्या मोर्चात प्रश्न फक्त पाण्याचा नव्हता, आम्ही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करण्याचा होता.

आमचे सांगायचे तर, निघायच्या आधी आम्ही मालकाला भेटलो. त्याने कोकम सरबत पाजले, 'तुमच्यासारख्या सुशिक्षित लोकांनी तरी समजून घ्यावे' असे म्हटले आणि सुरक्षेचे कारण दिले. वाट काही उघडली नाही. आम्ही तो पाच ताऱ्यांचा अभिप्राय पुसून नवा लिहिला. त्यात वॉचमनचा किंवा त्याच्या चुलतीचा उल्लेख येऊ दिला नाही, कारण पगार पुन्हा त्याचाच कापला गेला असता. एवढेच लिहिले की इथली शांतता वाडीतल्या माणसांची वाट अडवून मिळते. वाडीशी संबंध ठेवला आहे, जबाब लिहायचे काम सुरू केले आहे. ते किती पुढे जाते, ते लिहीत राहू.

परतताना गाडीत त्या मुलीने पुन्हा विचारले, "पण नदी कशी काय प्रायव्हेट असते?" या वेळी आम्ही गाडी बाजूला घेतली आणि तिला महाडची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

जयभीम!